पत्रिकांच्या पट्ट्या

मंदाचं लग्न ऐन वेळी मोडलं, त्याला चार महिने झाले. लोकांना उत्तरं देऊन देऊन तिच्या आईचा, वच्छलाबाईंचा, जीव मेटाकुटीला आला होता. त्यातून इतवारी बाजारातून छापून आणलेल्या दोनशे पत्रिका घरात तशाच पडून. जाळायला मन धजेना आणि रद्दीत घातल्या तर चिवड्याच्या पुड्या होऊन गल्लीभर फिरल्या असत्या.

शेवटी त्यांनी कात्री घेतली. पत्रिकांच्या पट्ट्या कापून त्यांवर भरतकामाचे गुंतलेले दोरे गुंडाळू लागल्या. नवरदेवाचं नाव हिरव्याखाली गेलं, मुहूर्त पिवळ्याखाली. मान भरून आली, डोळे चुरचुरू लागले. मुलीचं नाव मात्र त्यांना गुंडाळवेना. त्या पट्ट्या त्यांनी मांडीखाली सरकवल्या.

संध्याकाळी मंदा सदर बाजारातल्या कचेरीतून दमून आली आणि चप्पल काढून आईजवळ बसली. तिला मांडीखालचं टोक दिसलं. तिनं ते ओढून काढलं.

"हे काहून लपवून राहिली वं, आई?"

"तुह्यं नाव हाय त्याच्यावर."

मंदानं लाल दोऱ्याची लडी उचलून आईच्या हातात दिली.

"त्याचं नाव झाकलं, अन् माह्यंच उघडं ठेवतं?"