कोऱ्या फिल्मचा चमत्कार

त्या अमावास्येला इंदापुरात वज्रनाथ महाराजांच्या मांडवात उभं राहायला जागा नव्हती. पार निरवांगीपासूनची माणसं बैलगाड्या सोडून बसली होती. महाराजांच्या एका हातात ताईत होता, दुसऱ्या हातात टाइप केलेला एक कागद.

"अमेरिकेनं अणू फोडला," महाराज म्हणाले, "आम्ही तो बांधला. एक्सऱ्याचा किरण माणसाच्या आरपार जातो, पण ह्या ताइतापुढे गुडघे टेकतो. पुरावा पाहिजे? हा मुंबईचा कागद. बारामतीच्या दवाखान्यात रोज एक्सरे काढणारा माणूस, आणि महिनाभरात अंगावर किरण किती? शून्य."

मांडवभर हात जोडले गेले. जो किरण अडवतो तो करणी काय सोडेल, असा सगळ्यांचा हिशेब. बायका ताइतासाठी पुढे सरकल्या. मी लेकाला कडेवर घेऊन खांबाशी उभी होते. तो कागद माझ्या घरचा होता, आणि महाराजांना मीच नेऊन दिला होता.

एक्सरे काढणारा तो माणूस म्हणजे आमचे हे. लेक झाला आणि सासूबाईंनी कुठूनसं ऐकलं, की मशीनच्या किरणानं माणसाचं रक्त आटतं. त्या तडक महाराजांकडून ताईत घेऊन आल्या.

"विनया, एकच ल्योक हाय मला," त्या म्हणाल्या. "रघुनाथला सांगू नगंस, हसंल त्यो. गुमान कोटात शिवून टाक."

ह्यांच्या पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात काळ्या कागदात गुंडाळलेली एक छोटी फिल्म असे. अंगावर जितके किरण पडतील तितकी ती काळी होते. दर महिन्याला ती मुंबईला जाई आणि तिथून आकडा येई. हे सगळं ह्यांनी मला समजावलं होतं, आणि मला ते कळलंही होतं. तरी मी ताईत शिवला. छातीपाशी हवा, असं महाराजांनी सांगितलं होतं; म्हणून त्याच खिशाच्या अस्तरात, फिल्मच्या बरोबर पुढे.

"खिसा जड का लागतोय?" ह्यांनी विचारलं.

"अस्तर दुहेरी केलंय."

लग्न झाल्यापासूनचं माझं पहिलं खोटं.

आधी थोडा तरी आकडा यायचा. त्या महिन्यात शून्य आलं. पुढच्याही महिन्यात शून्य. सासूबाईंनी महाराजांना नारळ वाहिला, आणि मी आकड्याचा कागद त्यांना नेऊन दिला. हे म्हणाले, "माझी उभं राहायची जागा सुधारलेली दिसते." उन्हाळा होता. किरणांपासून बचावाला घालतात तो शिशाचा एप्रन घातला की घामानं जीव जायचा. शून्यच येतंय, म्हणून हे तो खुंटीला ठेवू लागले. एखादं पोर टेबलावर रडायला लागलं, की त्याच्या आईला बाहेर पाठवून स्वतःच त्याला धरून उभे राहायचे. पाचव्या महिन्यात उजव्या हाताची दोन बोटं लाल झाली, मग त्यांची सालं निघू लागली. मी रोज लोणी लावत होते. ताईत आहे, म्हणून निर्धास्त होते.

त्याच सुमारास ह्यांची मुंबईला परीक्षा होती, किरणांपासून बचाव कसा करायचा त्याची. पास झाले असते तर एक्सऱ्याच्या खोलीची सगळी जबाबदारी ह्यांच्याकडे येणार होती. मांडीवर लेकाला थोपटत ह्यांनी सहा महिने अभ्यास केला होता. लेखी पेपर चांगला गेला. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी ह्यांचीच शेवटची फिल्म पुढे ठेवली. वरची बोटभर पट्टी काळी, खाली सगळी कोरी, मध्ये आखल्यासारखी सरळ रेघ.

"तुमच्या फिल्मपुढे काय होतं?"

ह्यांना सांगता आलं नाही.

"स्वतःची फिल्म ज्याला कळत नाही, त्याच्या भरवशावर दुसऱ्याला कसं उभं करायचं?" परीक्षक म्हणाले. नापास.

हे घरी आले आणि फिल्म ताटाशेजारी ठेवून जेवायला बसले. मी ती रेघ ओळखली. मागच्या महिन्यात लेकानं ओढून ओढून खिशाचं अस्तर उसवलं होतं, आणि मी घाईघाईत ताईत बोटभर खाली शिवला होता.

मी कोट आणला आणि ह्यांच्यासमोर टाके कापले. ताईत उघडला. आत चिमूटभर राख, मंत्राचा कागद, आणि त्यांच्याभोवती करड्या धातूची चपटी घडी.

"शिसं," हे म्हणाले. "एप्रनमध्ये असतं तेच." मग आपल्या बोटांकडे बघत राहिले. हे रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी डॉक्टरांच्या परवानगीनं ह्यांनी महाराजांना दवाखान्यात बोलावलं. निरोप घेऊन सासूबाई स्वतः गेल्या. मशीनला हरवायला महाराज मोटारीतून आले, मागून निम्मा मांडव आला. भीमेवर मासे धरणारा महिपती बाजारासाठी आला होता; त्याच्याकडून मी जाळ्याला लावायची शिशाची एक गोळी मागून घेतली आणि वरवंट्यानं चपटी केली.

ह्यांनी टेबलावर मोठी फिल्म ठेवली. एका कोपऱ्यात महाराजांनी स्वतःच्या हातानं दिलेला नवा ताईत. दुसऱ्यात आमच्या ताइतातली नुसती राख आणि मंत्र. तिसऱ्यात महिपतीची गोळी. सगळ्यांना बाहेर काढून, स्वतः पडद्याआड जाऊन ह्यांनी बटण दाबलं. फिल्म धुऊन झाल्यावर ओलीच खिडकीशी धरली.

ताइताची जागा कोरी. गोळीची जागाही तितकीच कोरी. राख आणि मंत्र जिथे होते, तिथे काळंकुट्ट.

महाराजांनी डोळे मिटले. "आमच्या सान्निध्यानं गोळीत शक्ती उतरली."

"मंग महाराज," महिपती म्हणाला, "आसल्या साठ गोळ्या हायत माज्या जाळ्याला. साठ महाराज भीमेच्या तळाला बसून मासं धरत्यात म्हणायचं का?"

लोक हसले. महाराजांना एकदम आठवलं की आज अमावास्या नाही. मोटार निघून गेली.

प्रयागबाई म्हणून सासूबाईंच्या शेजारीण होत्या, त्या मात्र हटेनात. "पर किरण आडिवला तर खरा न्हवं?"

"अडवला, शिशानं," हे म्हणाले. "पण ताइताएवढ्याच जागेवर. मी एवढाच आहे का, प्रयागबाई?" आणि हात पुढे केला.

सासूबाईंनी तो हात पाहिला. "म्या सांगितलं आन् हिनं शिवलं," एवढंच त्या म्हणाल्या.

आता हे मार्चमध्ये पुन्हा परीक्षेला बसणार आहेत. मी प्रश्न विचारते, हे उत्तरं देतात. पहिला प्रश्न असतो, फिल्म किरण थांबवते का? नाही. ती फक्त सांगते. जी सांगत होती तिचंच तोंड मी शिवून टाकलं होतं, आणि तेही मायेपोटी.

म्हणून आयाबायांना माझं एवढंच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी मंत्र बाजूला काढून बघा, राख बाजूला काढून बघा. मग जे उरतं ते बाजारातही मिळतं का, ते विचारा. आणि घरच्या माणसापासून लपवून त्याच्या भल्याचं काही करू नका.

बोटांवर नवी कातडी आली आहे, पण ती पातळ आहे. लेक बोट धरायला आला की हे डावा हात पुढे करतात. सोमवारी कोटाला इस्तरी झाली की मी खिसा उलटा करून ह्यांना दाखवते. हे बघत नाहीत. मी तरी दाखवते.