दुकान वाढवताना

वडिलांनी मला काच कापायला शिकवली, चौकट जुळवायला शिकवली आणि एक सवय लावली. संध्याकाळी शटर ओढताना 'बंद' म्हणायचं नाही, 'दुकान वाढवतो' म्हणायचं. एकदा चुकून 'बंद करतो' म्हणालो, तर हातातली फूटपट्टी पाठीत बसली होती.

लग्न झाल्यावर ती सवय बायकोलाही लागली. पुढे तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. चार-दोन शब्द तेवढे जिभेवर राहिले, त्यात हा एक होता. अंधारून आलं की ती म्हणायची, "वाढवा."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दिवसभर तिला वर एकटी टाकून मी इकडे लोकांच्या लग्नाचे फोटो फ्रेममध्ये बसवत राहायचं? मला ते जमेना. खोली सोडली, दुकानाच्या मागच्या भागात प्लायवूडचा आडोसा ठोकला आणि तिथे तिची खाट टाकली. करारात स्वच्छ लिहिलं होतं, गाळा फक्त धंद्यासाठी, राहण्यासाठी नाही. मला ठाऊक होतं. सही मीच केली होती, डोळे उघडे ठेवून. पण माझी ठोकठोक ऐकत ती शांत पडून असायची, आणि हातोडी जरा थांबली की आतून "काय?" म्हणून विचारायची. त्या दिवसांत मी सुखात होतो. सांगायला लाज कसली?

धाकट्या मालकांना भाताचा वास आला आणि आमचं बिंग फुटलं. थोरले मालक गेल्यावर गाळा ह्यांच्याकडे आला. ह्यांचं सगळं शिक्षण परगावी, परभाषेत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच दातओठ खात बसाल. त्यांनी आडोशामागे डोकावलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, अहो ही शेगडी! बाजूला थिनर, व्हार्निश, एवढं लाकूड! वर माझी पोरं झोपतात."

ते खोटं बोलत नव्हते. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी जिना चढून गेलो. म्हणालो, "मालक, मी दुकान वाढवतो. पण हिला इथंच राहू द्या."

ते भडकलेच. "वाढवता? एक तर करार मोडलात, आणि वर दुकान वाढवायचं म्हणता? अजिबात नाही! दुकान आहे तसंच चालेल आणि तिथं कुणी राहणार नाही. नाहीतर मला नोटीस काढावी लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिढ्यांचा धंदा मी ह्यांच्या पायाशी ठेवतोय, आणि ह्यांना धंदा हवा, माणूस नको! पुन्हा तोंड उघडेन तर शपथ, असं ठरवून मी खाली आलो. तेवढाच काय तो माझा ताठा.

तळमजल्यावर दुसरी जागा मिळेना. शेवटी गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात तिला ठेवलं आणि मी भाच्याच्या गॅलरीत पथारी टाकली. आडोसा काढला, भिंतीतले खिळे उपटून भोकं लांबीने बुजवली. करार पाळायचा तर नीट पाळावा. तिला भेटायला दुपारचीच वेळ असायची. मी निघालो की ती डाव्या हाताने माझी बाही धरायची, आणि मी एकेक बोट सोडवायचो.

थंडीत तिच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. तिचे कपडे बांधून देताना तिथली नर्स डोळे पुसत म्हणाली, "फार गुणी होत्या हो आजी. एकच हट्ट असायचा. संध्याकाळ झाली की म्हणायच्या, वाढवा, वाढवा. मग आम्ही पंखा वाढवायचो. तरी म्हणतच राहायच्या."

"थंडीत?" मी विचारलं.

"त्यांनाच हवा असायचा ना."

गाठोडं घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसलो. वाढवा म्हणजे पंखा वाढवा. मग वाढवतो म्हणजे? त्या सकाळी जिन्यावर मालकांनी काय ऐकलं असेल, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

पुढच्या आठवड्यात मालक दुकानात आले. एक रिकामी चौकट उचलून पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाले, "काका, वाईट वाटतं हो. मी तेव्हा फार चिडलो. पण तुम्हालाही अशा वेळी दुकान मोठं करायचं कुठून सुचलं?"

"मोठं नाही मालक. आमच्यात वाढवणं म्हणजे बंद करणं. कायमचं बंद करतो म्हणत होतो. थिनर, लाकूड, सगळं विकून टाकणार होतो. फक्त तिची खाट राहिली असती."

ते स्टुलावर बसले. मोबाइल वाजत होता, तो त्यांनी घेतला नाही.

"मग नीट सांगायचं ना, काका!" ते एकदम ओरडले. "मी हो म्हणालो असतो. लगेच हो म्हणालो असतो."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्यावर रागवायचं तरी कशासाठी? नोटीस काढावी लागली नाही, करार जागच्या जागी आहे, दुकान आहे तसंच चाललंय.

अंधारलं तसे ते वर गेले. मी दिवा घालवला, शटर अर्धं ओढलं आणि सवयीने मागच्या कोपऱ्याकडे कान दिला. आतून कुणी काही म्हणालं नाही.

हल्ली मी दुकान बंद करतो.