डोळे मिटून उभं राहा

रोदिओन न्हाणीघरातून बाहेर आला तो आजही डोळे लालबुंद करून.

"रडलास की काय?" क्लावदियानं विचारलं.

"साबण गेला. गाडीची किल्ली कुठंय? उस्त्याला आजीकडे सोडून येतो."

अर्धं वर्ष अंतराळात काढून नवरा नुकताच परतला होता. मॉस्कोजवळच्या अंतराळवीरांच्या त्या वसाहतीत एवढं तर प्रत्येक बायकोला ठाऊक असतं: तिकडून आलेल्या माणसाच्या कानातला तोल बिघडलेला असतो. डोळ्यांच्या जोरावर तो उभा राहतो, डोळे मिटले की आडवा. आणि हा बाबा डोकं धुतानाही डोळे मिटत नाही! क्लावदियाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांची पोर उस्त्या बूट चढवून दारात उभी होती.

"डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिलीय?"

"कालच तपासणीत पास झालो. पुढच्या उड्डाणासाठी नावही लागलं."

"मग उभा राहा इथं. पायापुढे पाय. मीट डोळे."

"मोठी डॉक्टरीण लागून गेलीस!" तो खेकसला, पण उभा राहिला. डोळे मिटले आणि जराही हलला नाही. क्लावदिया ओशाळणार, इतक्यात तिला त्याचं बोट दिसलं. टेबलाच्या कडेला जेमतेम टेकवलेलं. तेवढ्या आधारावर गडी उभा! काल दवाखान्यातही भिंतीला असंच टेकवलं असणार लबाडानं.

तिनं टेबल खसकन ओढलं. रोदिओन धाडकन कोसळला.

"जीव घेशील माझा!" चोराच्या उलट्या बोंबा.

"मी? पोरीला गाडीत घालून तू कुठं निघाला होतास, रोद्या? लाज नाही वाटत?" तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"क्लावा, नको. डॉक्टरांना कळलं तर परत कधीच वर पाठवणार नाहीत."

"नकोच पाठवू देत!"

"इथं मला धड उभं राहता येत नाही गं. तिथं मी पडत नाही."

म्हणजे घरी आला तो परत जायलाच. 'बाबा येणार, बाबा येणार' म्हणून तिनं पोरीची समजूत काढली ती काय यासाठी? पलीकडून डॉक्टरांचं "अभिनंदन, क्लावदिया येगोरोव्हना" सुरू झालं, ते तिनं मध्येच तोडलं.

"कसलं डोंबलाचं अभिनंदन! फसवलंय त्यानं तुम्हाला. पुन्हा तपासा."

रोदिओन जमिनीवरच बसून राहिला. उस्त्या बुटांसकट धावत त्याच्यापाशी गेली.

"बाबा, म्हणजे आता तू कुठेच जाणार नाहीस?"

पोरीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. रोदिओननं तोंड फिरवलं.