मांडीपर्यंत पाणी

आईच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा ताई जीपखाली उताणी पडून नट आवळत होती. "काटा लाल पट्टीत आलाय गं," शेजारीण म्हणाली, "लवकर ये बाई, माझे तर हातपाय गळालेत."

काटा सिलिंडरचा. आईची फुप्फुसं केव्हाच थकलेली. तोंडावर मास्क आणि उशाशी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन, यावरच तिचा श्वास चालायचा. सकाळी नदीपलीकडची वीज गेली, मशीन मुकं झालं. मग अडीअडचणीला ठेवलेलं छोटं सिलिंडर लावलं, आणि आता तेही तळाला गेलेलं. भरलेलं मोठं सिलिंडर नदीच्या अलीकडे, आई पलीकडे. पूल पाण्याखाली, वरचा रस्ता दरडीने बंद. राहता राहिला तो जुना उतार, पूल नव्हता तेव्हा गाड्या जिथून नदी ओलांडायच्या तो. आणि ताईची जीप.

ताईचा धंदाच तो. विजेचे खांब उभे करणारे, जमीन मोजणारे, म्हणजे रस्ता नाही तिथे ज्यांना जायचंय अशांना ती घेऊन जायची. वडिलांनी शिकवलेलं. त्यांचा नियम साधा: पाण्यात गाडी घालायच्या आधी चालून बघायचं, आणि स्टेअरिंग ज्याच्या हातात त्यानेच चालायचं. गुडघ्यापर्यंत पाणी लागलं तर खुशाल जायचं. मांडीपर्यंत लागलं तर इंजिनाच्या पंख्याचा पट्टा काढायचा, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही, जीपच्या नाकाडावर ताडपत्री बांधायची आणि मग जायचं. कमरेला लागलं तर मुकाट घरी यायचं. मापायला काठी नको, फूटपट्टी नको.

सिलिंडर दोन माणसांनी उचलून मागे ठेवलं. ताईच्या बाजूच्या सीटवर तिचा धाकटा भाऊ बसला. हा शिंपी. उंची अशी की स्वतःच्याच दुकानात वाकून शिरायचा. अख्खं गाव त्याला शिडी म्हणायचं, आणि सगळ्यात आधी म्हणाली होती ती ताईच.

नदीवर पोचताच ताई ताडपत्री बांधायला लागली, तोवर शिडीने बांबू उचलला.

"अरे थांब, मी जाते."

"तू गाठी मार. वेळ आहे का आपल्याकडे?"

वेळ नव्हता, हे खरंच. ताईने गाठी मारल्या. तिने पट्टा काढला, सैल केलेले बोल्ट परत घट्ट केले, काचा खाली घेतल्या. शिडी बांबू टेकत टेकत पार पलीकडे जाऊन आला, आणि काठावरूनच ओरडला, "मांडीपर्यंत! खाली गोटे आहेत, तळ घट्ट आहे!"

"बस," ताई म्हणाली. "सीटबेल्ट लावू नकोस. आणि आता माझ्याशी बोलू नकोस."

पहिल्या गिअरमध्ये तिने जीप हळूच पाण्यात सोडली. ताडपत्रीपुढे लाट उठली. ही लाट म्हणजे सगळं काही. जीप चालत राहिली की लाट पाण्याला पुढे रेटते आणि बॉनेटखाली इंजिनाला श्वास घ्यायला जागा राहते. पाय ढिला पडला की लाट मोडली, गिअर बदलला की लाट मोडली. ताईने पाय असा ठेवला की जणू तो तिथेच खिळला होता.

पाणी चाकांवर आलं. दिवे बुडाले. मग दाराच्या फटीतून आत आलं आणि बघता बघता सीटला लागलं. मांडीभर पाणी सीटला कधीच लागत नाही.

"शिडी! मांडीपर्यंत म्हणालास ना?"

"मांडीपर्यंतच आहे. खोटं कशाला सांगू?"

"कुणाच्या मांडीपर्यंत?"

"माझ्या! नदीत काय दुसऱ्याची मांडी घेऊन उतरू?"

"अरे गाढवा, तुझी मांडी म्हणजे माझी कंबर! जन्मभर लोकांची मापं घेतोस आणि एवढं कळलं नाही तुला?"

वडील ताईएवढेच होते, बुटके. नियम त्यांच्या अंगावर बेतलेला. आता मागे वळणं नाही, थांबणं नाही. ताई दात आवळून बसली आणि मनात एकच घोकत राहिली, आई, थोडं थांब, थोडं थांब.

पलीकडचा काठ जवळ आला. झुडपं दिसायला लागली. आणि पुढचं चाक गोट्यांमधल्या खड्ड्यात गेलं. जीप अडली, लाट मोडली, इंजिन खोकलं. आणखी एकदा खोकलं की इंजिन पाणी पिणार. ताईने खटका ओढून इंजिन स्वतःच बंद केलं.

केवढी शांतता पसरली! नुसतं पाणी दारावर आपटत होतं.

"आता?" शिडी म्हणाला.

"ओढायचा दोर काढ. सिलिंडरच्या मानेला बांध. लोखंड आहे ते, बुडालं तरी बिघडत नाही. वरची टोपी घट्ट आहे ना बघ."

"आणि जीप? जीपला कशाने बांधायचं?"

"दोर एकच आहे," ताई म्हणाली.

शिडी खिडकीतून उतरला, दोराचं टोक दातात धरून काठावर गेला. ताईने सिलिंडर मागून लोटलं आणि त्याच्याबरोबर स्वतःही पाण्यात पडली. शिडीने काठावरून दोर ओढला तसं तळावरून ते गडगडत निघालं, दोनदा अडकलं, दोनदा तिने बुडी मारून सोडवलं. गुडघे फुटले. काठावर येऊन दोघांनी मिळून शेवटचा हिसका दिला, तेव्हा मागे करकर ऐकू आली. जीप आडवी फिरली आणि सावकाश खाली वाहत गेली. ताईने सिलिंडरचं एक टोक उचललं. "चल," ती म्हणाली. "बघत काय बसलास?"

काठावरच घर. आई खिडकीशी उशांना टेकून बसलेली, ओठ निळे. शेजारीण रडत होती. शिडीने नळी जोडली, ताईने चावी फिरवली, फुस्स करून हवा सुटली. थोड्या वेळाने ओठांवर रंग आला. मग आईने मास्क बाजूला ओढला.

"दोघं एकाच गाडीत?"

"आई, मास्क लाव. शिव्या नंतर दे."

"नंतर काय नंतर! मी बघत होते इथून. गाडी थांबली..." तिला धाप लागली. "माझ्या चार श्वासांसाठी माझी दोन्ही लेकरं नदीत? तुम्ही गेला असता तर ही हवा घेऊन मी काय करणार होते रे?"

ताईला हुंदकाच आला, सकाळपासूनचा. तिने मास्क परत आईच्या तोंडावर ठेवला, तशी आईने एका हाताने तिची बाही धरली, दुसऱ्याने शिडीची. शेजारणीने कोरडे कपडे आणून ठेवले, पण आई मूठ सोडेना. ती झोपली तरी सोडेना. दोघं पलंगाच्या दोन बाजूंना ओल्या कपड्यांत कुडकुडत बसून राहिले.