टेबलावरचं वाकडं विमान

मी एक जुना लाकडी नमुना आहे, विमानाचा. आत्मवृत्त म्हटलं की जन्म, बालपण, कष्टाची वर्षं असं ओळीनं सांगायचं असतं. सांगतो. पण मित्रांनो, मी जिथे आयुष्य काढलं तिथे कोणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाहीत. मध्येच पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत येते. ती खोड मलाही लागली आहे. सांभाळून घ्या.

पट्टी: डोंगरात विमान कोसळले. कारण अस्पष्ट.

ही त्या दिवसाची पहिली पट्टी. हिच्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ती फार टिकली नाही.

जन्म. मला एका सुतारानं घडवलं. दुकानांच्या काचेत ठेवायचे नमुने करणं हाच त्याचा धंदा. त्यानं गाठ नसलेलं हलकं लाकूड निवडलं, पंख तासले, बोट सरकेल इतके घासले. खिडक्या मात्र त्यानं बारीक कुंचल्यानं एकेक काढल्या, श्वास रोखून. अशा वेळी बायकोनं हाक मारली तर तो ओ द्यायचा नाही.

"आज विमानच जेवायला वाढणार आहे का तुम्हांला?" ती विचारायची.

"थांब गं, शेपटाकडचे प्रवासी राहिलेत."

बालपण. तिकिटं विकणाऱ्या एका कार्यालयाच्या काचेत मी पितळी दांडीवर उभा होतो, नाक जरा वर करून. मुलं काचेला नाक लावून मला बघायची. काच पुसणारा वैतागायचा, मला बरं वाटायचं. एकदा एका आजींनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "पडत बिडत तर नाही ना हे?" कारकून म्हणाला, "आजी, जिन्यावरून जास्त माणसं पडतात." आजी म्हणाल्या, "मग मी जिनाच बंद करते," आणि तिकीट काढून गेल्या. लेकीकडे जायचं होतं त्यांना. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर एवढंच. पुढे लोक घरबसल्या तिकिटं काढू लागले, कार्यालय बंद पडलं आणि मला एका वृत्तवाहिनीनं विकत घेतलं.

पट्टी: डोंगरात विमान कोसळले. कोण जबाबदार?

बघा. अजून धुकं विरलेलं नव्हतं, मदतीची माणसं वर पोचलेली नव्हती, आणि "कोण" आला.

वाहिनीत माझं घर म्हणजे सामानाचं कपाट. माझे शेजारी ऐका. थर्माकोलची मतपेटी. न्यायाधीशाचा हातोडा. प्लास्टिकचा सांगाडा. खेळण्यातला रणगाडा. जगात जे वाईट घडेल त्याची एकेक प्रत आमच्या कपाटात असते. कपाटाची किल्ली सामानवाल्या काकांकडे. निवडणूक आली की मतपेटी निघते, रोग आला की सांगाडा निघतो, विमान पडलं की मी. काका माझ्या शेपटावर त्या त्या कंपनीचा रंग देतात, पाण्यानं धुवून निघेल असा. मग मी निवेदकाच्या टेबलावर जातो. समोर कॅमेरा असतो, त्याच्या डोक्यावर लाल दिवा. दिवा लागला की टेबलावरचं सगळं घराघरांत दिसतं. विझला की आपण आपल्यातच.

मी पडण्यासाठी घडवलेला नाही. सुतारानं माझं नाक वर केलं होतं. पण या टेबलावर निवेदकानं मला धरून किती वेळा खाली आपटलं असेल, विचारू नका. "असं आलं, असं वळलं आणि असं..." त्याच्या आवाजात तेव्हा एक उत्साह येतो. तो मला सहन होत नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच, फक्त इथे ते खाताना कोट घालतात.

अशाच एका प्रात्यक्षिकात दिव्याचा खांब माझ्यावर पडला आणि माझी पितळी दांडी वाकली. काकांनी पकडीनं ती सरळ करून पाहिली. पितळ कुरकुरलं. तुटेल म्हणून त्यांनी सोडून दिली. तेव्हापासून माझा डावा पंख खाली असतो, उजवा वर.

"चालतंय," काका म्हणाले. "टीव्हीवर कोणाला कळतंय."

हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं या वाकलेल्या दांडीवर उभं आहे.

त्या सकाळी विमान डोंगरात पडलं. कोणी वाचलं नाही. रस्ता बंद, धुकं दाट, बातमीदार पायथ्याशी अडकलेला. संपादक, ज्याला सगळे बॉस म्हणतात, शेजारच्या नियंत्रण कक्षाच्या काचेआडून ओरडला, "चित्रं कुठायत?"

"अजून नाहीत, बॉस."

"मग दाखवायचं काय, माझं थोबाड? विमान काढा."

मी निघालो. शेपटाचा रंग ओला होता. चित्रफीत बनवणारा एक तरुण आहे, त्याला चष्मिश म्हणतात. त्यानं दोन बाजूंनी माझे फोटो काढले आणि त्यावरून संगणकावर विमान उडवलं. कामात प्रामाणिक मुलगा. त्यानं माझ्या खिडक्या मोजून उतरवल्या, आणि माझं वाकडेपणही तितक्याच निष्ठेनं उतरवलं. पडद्यावर एक विमान डावा पंख खाली टाकून धुक्यात शिरलं. कोपऱ्यात त्यानं लिहिलं होतं, 'काल्पनिक चित्रण'.

"ती अक्षरं काढ," बॉस म्हणाला. "तिथे गादीच्या जाहिरातीचं चिन्ह यायचंय."

अक्षरं गेली. जेवणाच्या वेळेपर्यंत दुसऱ्या वाहिनीनं ते चित्र उचललं, मग तिसरीनं. तेव्हा बॉस समोरच्या पडद्यांकडे बघून काय म्हणाला ऐका. "बघा, सगळेच डावीकडे झुकलेलं दाखवतायत. म्हणजे बातमी पक्की आहे."

आपलाच आवाज विहिरीत सोडायचा, आणि वर आला की म्हणायचं, साक्षीदार मिळाला.

पट्टी: विमान डावीकडे का झुकले?

मग तज्ज्ञ आले. हेच गृहस्थ मागे पूल पडला तेव्हा पुलाचे तज्ज्ञ होते. निवेदकानं मला त्यांच्यापुढे सरकवलं.

"सर, कॅप्टन कुठल्या बाजूला बसतो?"

"डाव्या."

"आणि विमान झुकलं डावीकडे. म्हणजे कॅप्टन त्या बाजूला कोसळला असेल?"

"मी असं म्हणत नाही."

"पण नाकारतही नाही?"

तज्ज्ञांनी माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. "आता... अगदीच नाकारता नाही येणार."

पट्टी: कॅप्टन शुद्धीत होता का?

पट्टी: आदल्या दिवशी कॅप्टन कुठे होता?

पट्टी: मद्यपान? पाहा फक्त आमच्याकडे.

मित्रांनो, शाळेत तुम्हांला शिकवतात, प्रश्न विचारावेत. बरोबर आहे. पण उत्तर हवं असतं तो प्रश्न वेगळा आणि आडून दगड मारायचा असतो तो वेगळा. प्रश्नचिन्हाच्या आड उभं राहिलं की दगड कोणी मारला ते दिसत नाही. शिवाय नंतर हात झटकता येतात, 'आम्ही तर नुसतं विचारलं.' कोणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभातला कॅप्टनचा एक फोटो सापडला. हातात पेला होता. पेल्यात काय होतं ते फोटो सांगत नव्हता. ते काम पट्टीनं केलं.

मी ओरडत होतो. वाकडा मी आहे, तो नाही. पण लाकडाला तोंड नसतं, आणि ज्यांना तोंड होतं त्यांची जीभ टाळ्याला चिकटलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅप्टनची बायको आली. दातांची डॉक्टर. बरोबर तिचा दीर होता, त्याला काचेबाहेर थांबवलं. बॉस स्वतः तिला खुर्चीपर्यंत घेऊन आला. लाल दिवा अजून विझलेला होता.

"वहिनी, तुम्ही मोकळ्या व्हा. रडू आलं तरी थांबवू नका, आम्ही मध्ये बोलणार नाही."

"मी तुमची वहिनी नाही," ती म्हणाली. "आणि रडायला घर आहे मला. सासऱ्यांसाठी आलेय."

मग तिनं सांगितलं. काल शेजारचे भेटायला आले. बसले, हळहळले. निघताना दारात सासऱ्यांना हळूच विचारलं, 'घ्यायचा का हो अधूनमधून?' सासरे ऐंशीच्या घरातले. तेव्हापासून ते सुनेला एकच विचारत होते, 'माझ्यामागं पीत होता का गं तो?'

"मी नाही म्हटलं. तर म्हणाले, 'तू बायको, तू असंच म्हणणार. टीव्हीवाले काय वेडे आहेत?' त्यांना मुलगा गेल्याचं दुःख करू देत नाही आहात तुम्ही. ते त्याच्यावर चिडून बसलेत."

दिवा लागला. निवेदकानं चेहरा पाडला आणि मला उचललं. "मॅडम, हे कठीण आहे, तरी पाहा. विमान असं डावीकडे—"

"असं झुकलेलं कोणी पाहिलं?"

"आमच्या चित्रफितीत स्पष्ट—"

"चित्रफीत कशावरून केली?"

"एका छोट्या विश्रांतीनंतर परत येऊ," निवेदक म्हणाला. दिवा विझला.

तिनं माझ्याकडे वाकून पाहिलं, दात तपासावा तसं. "हे वाकडं का आहे?"

शेपटाच्या रंगाचे ओघळ पुसायला आलेले काका सहज बोलून गेले, "दांडी वाकलीय बाई. जुनी गोष्ट आहे."

काचेआड चष्मिशनं चष्मा काढून हातात धरला. तो परत घालेना.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. इथे अंगण खरोखर वाकडं होतं, आणि दोष मेलेल्या नाचणाऱ्याला लावला होता.

"एवढं सांगा लोकांना," ती म्हणाली.

"मॅडम, इतकं सरळ नसतं ते," बॉस म्हणाला. "उद्या पट्टीत टाकतो."

"पट्टी नको. ज्या तोंडानं बोललात त्याच तोंडानं सांगा. सासरे घरी टीव्हीपुढं बसलेत. सांगितल्याशिवाय मी उठणार नाही."

ती उठली नाही. पुढचा कार्यक्रम चेहऱ्याच्या निगेचा होता, त्याच खुर्च्यांवर. पाहुणीबाई मलमांच्या डब्या घेऊन दाराशी ताटकळत होत्या. बॉसनं रखवालदार बाईला बोलावलं. ती आली, उभी राहिली.

"उठवा यांना."

"तुम्हीच उठवा साहेब. माझा नवरा गाडी चालवतो. उद्या त्याच्यावर बोलाल."

गादीच्या जाहिराती संपत आल्या होत्या. बॉस काचेआड गेला आणि निवेदकाच्या कानातल्या यंत्रात काहीतरी बोलला. निवेदकानं टाय सरळ केला. मला टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे पाहत स्वच्छ शब्दांत म्हणाला, "प्रेक्षकहो, एक दुरुस्ती. विमान डावीकडे झुकलं होतं असं आम्ही कालपासून दाखवलं. त्याला कोणताही पुरावा नव्हता. आमच्या नमुन्याची दांडी वाकलेली आहे. कॅप्टनविषयीचे आमचे सर्व प्रश्न निराधार होते. आम्ही त्यांच्या कुटुंबाची क्षमा मागतो."

इतकं सुंदर वाक्य त्या टेबलावर मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं डोळे मिटले. मग "आभारी आहे" म्हणून उठली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासरे. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यानं बोलतात. सगळ्यांना ऐकू गेलं.

"अगं, इथं अजून गादीच चाललीय. तू कधी दिसणार?"

तिनं कॅमेऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. लाल दिवा विझलेला होता. तो लागलाच नव्हता.

निवेदक कागद गोळा करू लागला. पाहुणीबाईंनी माझ्या जागी डब्या मांडायला घेतल्या. कॅप्टनची बायको फोन कानाला तसाच धरून दिराबरोबर निघून गेली. तिनं सासऱ्यांना काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही.

पट्टी: कॅप्टनच्या पत्नीचा संताप. स्टुडिओत काय घडले?

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते, आमची निगा राखा, आम्हांला फेकू नका. मी तसं म्हणत नाही. मला जाळा, चूल तरी पेटेल. निगा राखायची तर माणसाच्या नावाची राखा. ते माणसाच्या मागे उरतं, आणि त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. घरात कोणी म्हणालं, 'टीव्हीवर दाखवलं', तर विचारा, काय पाहून दाखवलं? विमान पाहून, की मला पाहून?

विमान का पडलं, मला माहीत नाही. चौकशी चालू आहे. ती करणारी माणसं डोंगरात पत्र्याचे तुकडे वेचत आहेत आणि त्यांच्यापुढे कॅमेरा नाही.

तोवर एक दुरुस्ती द्यायची राहिली आहे. ती मी देतो. दिवा नसला तरी चालेल, वाचता येणाऱ्या कोणीही ती मोठ्यानं वाचावी. कॅप्टनच्या वडिलांना कमी ऐकू येतं.

आजोबा, तुमचा मुलगा प्यायला होता असं म्हणायला कोणाकडेही काही आधार नव्हता. त्यांनी ते एका लाकडाकडे बघून ठरवलं. तुम्ही त्याच्यावर चिडू नका. त्याच्यासाठी रडा.