घोड्याच्या शेपटाशी

सिनेमाची सीडी विकत घेताना लोक कव्हरवरचा नायक बघतात. मी कव्हर बघत नाही. आधी सीडी उलटी करतो. खालची बाजू चंदेरी असली तर माल कंपनीचा, जांभळट असली तर कुणीतरी घरी बसून उतरवलेला. मग डबीवर छापलेली मिनिटं आणि प्रत्यक्षात चालणारी मिनिटं घड्याळ लावून ताडून बघतो, कारण कंपन्या गाणी बिनदिक्कत उडवतात. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का केवढा आहे तेही बघतो. आणि चित्र टीव्हीच्या चारही कडांना टेकलेलं पाहिजे. वर-खाली काळे पट्टे दिसले की सीडी परत. ही शेवटची अट मला कुणी शिकवली नव्हती. ती माझी मीच शोधून काढली होती आणि मला तिचा अभिमान होता.

माझी नोकरीच तशी. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटांच्या छापलेल्या शीट तपासायच्या, डाग दिसला की बाजूला काढायच्या. एकोणीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. त्यामुळे घरातही दूध, गॅस, पोरांची प्रगतिपुस्तकं माझ्या नजरेखालून जात. मी ‘तपासलं’ म्हणालो की विषय संपे. एवढं पारखून घेणाऱ्या माणसाने आपल्याला एका चहात कसं काय पसंत केलं, हे सरिताला, म्हणजे माझ्या बायकोला, अजून कळलेलं नाही.

सासूबाईंचा विषय मी असाच संपवला होता.

सासूबाई, नवसाबाई, मूळच्या पेठ तालुक्यातल्या. बहात्तर सालच्या दुष्काळात त्या त्र्यंबकच्या रस्त्याला खडीच्या कामावर होत्या. तिथे एका हिंदी सिनेमाचं शूटिंग आलं. नायक घोड्यावरून येतो, खडी फोडणाऱ्या बायकांची दशा बघतो आणि डाकू व्हायचं ठरवतो. सिनेमाचं नाव सांगून उपयोग नाही. त्या काळात बरेच नायक असंच ठरवत. सासूबाईंना काम एवढंच होतं, की घोडा थांबला की डोक्यावर घमेलं घेऊन त्याच्या शेपटामागून जायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. त्या सात वेळा चालल्या आणि सातही वेळा त्यांनी बघितलं नाही. ज्या बायकांनी बघितलं त्यांना बाजूला काढलं. त्यांत सासूबाईंची धाकटी जाऊ मालनबाई होती.

सिनेमा नाशिकला लागला तेव्हा सरिता पाच दिवसांची होती, म्हणून तो बघायचा राहिला. पण प्रत्येक लग्नात, बारशात सासूबाई ही हकिगत सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, ‘घोड्याच्या शेपटाशी मी हाय.’ मालनबाई म्हणायची, हो, घोडा सांगत होता मला. नात्यातली पोरं सासूबाईंना हिरोइन म्हणायची. त्यांना ते आवडायचं, कारण पोरं ते खरं समजूनच म्हणत होती.

दोन हजार दोन साली मला त्या सिनेमाची व्हीसीडी मिळाली. दोन सीड्यांचा संच, चंदेरी, कव्हरवर ठळक अक्षरांत ‘फुल स्क्रीन’. मी रविवारी सगळ्यांना बोलावलं. मालनबाई पहिल्या रांगेत येऊन बसली. नायक आला, घोडा थांबला. मी चित्र थांबवून, मागे नेऊन, चार वेळा बघितलं. घोड्याचं डोकं होतं, मान होती, नायकाचा पाय होता. शेपूट नव्हतं आणि सासूबाई नव्हत्या.

‘तपासलं,’ मी म्हणालो. ‘नाही.’

वर हेही म्हणालो, की जिथे शेपूटच नाही तिथे शेपटामागे माणूस कुठून येणार. अकरा माणसं होती, सगळी हसली. सासूबाई ‘बरं’ म्हणाल्या आणि आत जाऊन भाकरी थापायला लागल्या. त्या दिवसापासून त्यांनी हकिगत सांगणं बंद केलं. आता मालनबाईच सांगायची, आणि शेवटी म्हणायची, ‘आमच्या जाऊबाई लय खोटं बोलतात, पण गोड बोलतात.’ पुढच्या वर्षी सासूबाई आमच्याकडेच राहायला आल्या. टीव्ही लागला की त्या भिंतीकडे तोंड करून बसत. माझ्यावरचा राग अजून गेला नाही, असं मी धरून चाललो. मला तो राग जरा जास्तच वाटायचा.

अर्धा घोडा बघून मला काहीच कसं वाटलं नाही, हे मी पुढे स्वतःला बरेचदा विचारलं. अर्धा आकडा छापलेली नोट माझ्यासमोर आली असती तर मी अख्खा विभाग गोळा केला असता.

दोन हजार चारच्या डिसेंबरात मी बिटको चौकाजवळ दत्तूच्या दुकानात उभा होतो. दत्तू सीड्या विकायचा. त्याने दोन टीव्ही शेजारी ठेवून दोन्हींवर एकच गाणं लावलं होतं. मला मोजायची सवय आहे. डावीकडच्या टीव्हीवर नायिकेमागे चार मुली नाचत होत्या. उजवीकडच्या टीव्हीवर काळे पट्टे होते आणि मुली सहा होत्या. मी पुन्हा मोजल्या.

मी दत्तूला विचारलं. तो म्हणाला, की थेटरचा पडदा रुंद असतो आणि टीव्ही चौकोनी. अख्खं चित्र बसवायचं तर वर-खाली पट्टे राहतात. लोकांना पट्टे नको असतात, म्हणून कंपनी चित्राच्या दोन्ही बाजू कापते आणि वर ‘फुल स्क्रीन’ लिहिते. तुम्ही नोटा कापल्यावर शीटच्या कडा काढता, तसंच. मग त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

‘साहेब, दोन वर्षं तुम्ही पट्टेवाल्या सगळ्या सीड्या मला परत आणून दिल्या. वर चिठ्ठी लावून. सदोष.’

‘त्यात तो डाकूचा होता?’

‘होता. फुल स्क्रीनवाला घ्यायच्या आधी तुम्ही तोच नेला होता. दहा मिनिटांत परत आणलात.’

मला आठवलं. पहिलाच प्रसंग लावून पट्टे दिसले आणि मी पुढे बघितलंच नव्हतं. मला तिथेच दुकानात लाज वाटली. माझ्या हातात सासूबाई होत्या आणि मी त्यांना चिठ्ठी लावून परत केलं होतं.

दत्तूने तो सगळा सदोष माल चांदवडच्या कोंडाजीला देऊन टाकला होता. कोंडाजीची महामार्गालगत सीड्या भाड्याने द्यायची लायब्ररी होती. मी जानेवारीत रजा टाकून एसटीने गेलो. प्रेसमध्ये रजेचं कारण ‘घरगुती’ लिहिलं.

कोंडाजीने कारण ऐकून घेतलं आणि मला दुकानात न नेता शेतावर नेलं. ‘पट्टेवालं पिक्चर कोण नेतंय?’ तो म्हणाला. ‘लोक म्हणतात अर्धा टीव्ही बंद हाय तुमचा. मंग म्या त्या बागेत लावल्या. पाखरांना.’

द्राक्षाच्या तारांना सुतळीने सीड्या टांगलेल्या होत्या. उन्हात फिरत होत्या, चमकत होत्या, आणि पाखरं त्यांच्या शेजारी बसून द्राक्षं खात होती. शंभरावर तरी असतील. मी शीट तपासतो तशा ओळीने तपासायला घेतल्या. एक हातात धरायची, नाव वाचायचं, सोडायची. बरीच नावं उन्हाने उडाली होती. कोंडाजी बांधावर बसून बघत होता. मध्ये एकदा त्याने विचारलं, सासूच्या शोधात जावई फिरतोय, हे खरंच की सासऱ्यांनी काही ठेवलंय त्यात. मी पुढची सीडी हातात धरली.

नवव्या ओळीत त्या संचातली दुसरी सीडी सापडली, घोड्याचा प्रसंग असलेली. पहिली सापडलीच नाही. दुसरीवर पाखरांनी घाण केली होती आणि तारेला घासून ओरखडे आले होते. दुसऱ्या कुणाची अशी सीडी मी हातात धरली नसती. मी ती रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवली, आणि एसटीत नाशिक येईपर्यंत खिशावर हात ठेवून बसलो.

घरी गेल्यावर कोमट पाण्याने धुतली, मऊ फडक्याने मधून बाहेर पुसली. एकट्याने बघितली नाही. आधी मीच बघायचं आणि मग निकाल द्यायचा, ते एकदा करून झालं होतं. रविवारी सगळ्यांना बोलावलं, मालनबाईला दोनदा निरोप पाठवला. सासूबाईंना टीव्हीसमोर मधोमध खुर्ची दिली.

वर-खाली काळे पट्टे आले. चित्र मध्येच चौकोन चौकोन होऊन फुटलं, अडकलं, पुन्हा सुरू झालं. नायक आला. घोडा थांबला. अख्खा घोडा. त्याने शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे केलं, आणि शेपटामागून हिरव्या लुगड्यातली एक काटक बाई डोक्यावर घमेलं घेऊन चालत गेली. तीन सेकंद. नाक थेट सरितासारखं होतं. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं नाही.

मालनबाई म्हणाली, ‘एवढूशीच हाय की.’ पण ते तिने हळू आवाजात म्हटलं.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या टीव्हीकडे बघतच नव्हत्या. चेहरा माझ्या दिशेने होता, पण नजर माझ्याही जरा बाजूला लागली होती.

‘मामी, दिसलं का?’ मी विचारलं.

‘मला कुठं दिसतंय आता, जावईबापू,’ त्या म्हणाल्या. ‘वरीस झालं. मोतीबिंदू पिकलाय.’

सरिताने मान खाली घातली. तिला माहीत होतं. ऑपरेशनसाठी माझ्या सुट्ट्या मोडायला नको, म्हणून दोघी थांबल्या होत्या. वर्षभर ती बाई माझ्या घरात भिंतीकडे तोंड करून बसत होती, आणि ती रागावली आहे असा शेरा मी मारून ठेवला होता.

‘शेपूट हाय का?’ सासूबाईंनी विचारलं.

‘आहे.’

‘मंग आता तुमी सांगा.’

आमच्याकडे जावयाने सासूच्या पाया पडायची रीत नाही. मी पडलो. मग उभं राहून, अकराच्या अकरा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘तपासलं. आहे. नवसाबाई आहेत.’

‘मला ठाऊक हाय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘म्या व्हते ना तिथं.’ आणि सरिताला म्हणाल्या, की सगळ्यांसाठी चहा ठेव, मालनला बिनसाखरेचा.

सोमवारी मी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं होतं. ते खोडून ‘सासूबाईंचे डोळे’ असं लिहिलं.