डिशवॉशरमध्ये लपलेली शेकायची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी, तांबड्या रबराची शेकायची पिशवी आहे. आता गळ्याशी फाटले आहे, पण बोलायची हौस काही फाटलेली नाही.

२००२ साली नागपूरच्या एका औषधाच्या दुकानातून शरयूच्या आईने मला घेतलं आणि अमेरिकेला निघालेल्या लेकीच्या बॅगेत कोंबलं. "लागेल गं कधीतरी," त्या म्हणाल्या. कधीतरी कसलं! टेक्सासात, अर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये, पहिल्याच हिवाळ्यात सोफा सरकवताना शरयूच्या कमरेत कळ आली, ती गेलीच नाही.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! श्रीरंग, म्हणजे शरयूचा नवरा, स्वतः पाणी तापवून मला भरून आणायचा. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. "नॉर्मल आहे ना सगळं? मग इतकं टेन्शन नको घेऊस," असं तो म्हणू लागला. रोज तेच ऐकून माणूस कंटाळतो हो. पण शरयूला वाटायला लागलं, आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. दिवसभर ती, मी आणि ओढलेले पडदे. फोन वाजला तरी उचलायची नाही. पोळी करपली तर स्वतःलाच शिव्या द्यायची. मला फार वाईट वाटायचं, पण शेकण्यापलीकडे मला येतंय काय?

एका शनिवारी तिने सांगून टाकलं, "आता बरं आहे मला." श्रीरंग इतका खूश झाला, की पेढे घेऊन आला. झालं! त्या दिवसापासून माझ्या नशिबी चोराचं जिणं आलं. तो ऑफिसला गेला की मला बाहेर काढायचं आणि तो यायच्या आत रिकामी करून डिशवॉशरमध्ये, मोठ्या कढईमागे दडवायचं. आपल्या लोकांच्या घरी डिशवॉशर म्हणजे भांड्यांचं कपाट. ते चालवतंय कोण? दोन वर्षं मी तिथल्या अंधारात काढली. शरयू बाहेर उजेडात होती, पण माझ्याहून एकटी होती.

आता २००६ चालू आहे. परवा रविवारी तिची मैत्रीण कांचन जेवायला आली. बरोबर तिची बारा वर्षांची अनिका, इथेच जन्मलेली. जेवणं झाल्यावर मोठी माणसं गप्पांत रमली असताना पोरीने ताटं डिशवॉशरमध्ये लावली, साबण घातला आणि बटण दाबलं. अगं बाई गं! उकळतं पाणी काय, वाफ काय! आधीच माझं रबर जुनं, त्यात हा मार. मी गळ्याशी फाटले.

दार उघडलं तेव्हा रबराचा वास सुटला होता. कांचनने मला बाहेर ओढलं. "ईऽ, हे काय गं?"

"आय जस्ट वॉन्टेड टू हेल्प, मावशी," अनिका रडवेली झाली.

शरयूने मला हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर ती हमसाहमशी रडू लागली.

"अगं, पिशवीसाठी काय रडतेस? दुसरी ऑर्डर करू," श्रीरंग म्हणाला.

"दुखतंय अरे. थांबलंच नव्हतं कधी. खोटं बोलले मी."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगत होते. दोन वर्षं रोज सांगत होते."

कांचनने मुलीला घेऊन हळूच निरोप घेतला. मग शरयूजवळ जाऊन श्रीरंगने विचारलं, "नक्की कुठे दुखतं?"

मित्रांनो, डॉक्टर सोडले तर एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिने त्याचा हात धरून कमरेखाली उजवीकडे नेला. घरात ती जागा तोवर फक्त मला माहीत होती.

उद्या कचऱ्याची गाडी येईल आणि मी जाईन. माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या घरात कुणी फार दिवस आजारी असेल आणि एकदम "बरं आहे" म्हणालं, तर पेढे आणायला धावू नका. आधी जवळ बसा.